सत्तेचाळीस नंबर

तुझ्या हातावरचे नवे गोंदण मी पाहिले नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ते वाचता आले नाही. आता तो हातही नाही.

तेराव्याची पंगत उठल्यावर तुझी धाकटी बहीण शकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पुसता पुसता तिने विचारले, "दाजी, राग नका मानू. ताईनं नवं गोंदण कवा काढलं?"

मी म्हणालो, "नवे नाही. लहानपणचे आहे. मनगटावरची तुळस आणि हनुवटीवरचे टिपके."

"त्ये न्हाई वो. त्ये मला ठावं हाय, आमी दोघी संगंच बसलो हुतो गोंदायला. ह्ये डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या अंगाला. शेवटची आंघोळ घालताना बाही वर केली तवा दिसलं. रुपयाएवढा गोल आन् आत कायतरी रेघोट्या. उर्दूवानी."

"तेव्हाच का नाही सांगितलेस?"

"तवा?" तिने हातातले ताट खाली ठेवले. "दारात तिरडी बांधत हुते, दाजी."

तुझ्याविषयी माझ्याजवळ काय उरले, तर ही एक न तपासलेली गोष्ट. म्हणून हे लिहीत आहे.

संशय घेणे हे माझे काम होते, हे तुला वेगळे सांगायला नको. पिंपरीच्या कारखान्यात मी तपासणीला होतो. आम्हा प्रत्येक तपासनिसाला कंपनीने स्वतःचा एक पोलादी शिक्का दिलेला असे. करंगळीएवढी कांडी, तिच्या टोकाला वर्तुळ आणि वर्तुळात त्या माणसाचा नंबर. नग मापात असला की त्याच्यावर शिक्का धरायचा आणि वरून हातोडीचा एक ठोका द्यायचा. नग पास. पुढे तो कुठेही तुटला, तर त्याच्यावरचा नंबर वाचून माणूस सापडत असे. माझा नंबर सत्तेचाळीस. माझ्या नंबराचा नग कधी परत आला नाही.

माझे नाव तू आयुष्यात घेतले नाहीस. तुमच्या चाकणकडच्या गावात नवऱ्याचे नाव घेत नसत, आणि कॉलनीत राहायला आल्यावर बाकीच्या बायका घेऊ लागल्या तरी तू घेतले नाहीस. सुरुवातीला तू डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर येत असस. वॉचमन विचारी, कोणाला बोलावू? तू सांगत असस, सत्तेचाळीस नंबरला. एकदा त्याने तुझी फिरकी घेतली. "वहिनी, सत्तेचाळीस नंबरला आईबापानं नाव न्हाई का ठेवलं?" तू म्हणालीस, "ठेवलंय की. तुमास्नी ठावं हाय, मंग मला कशाला इचारता?" ही गोष्ट त्याने सगळ्या शिफ्टला सांगितली. नंतर बरेच दिवस मला जेवणाच्या सुट्टीत त्याच नावाने हाका येत होत्या. मी तुला रागावलो होतो. तू म्हणालीस, "नंबर कंपनीनं दिलाय, मी न्हाई."

आपले दुसरे भांडण एका शब्दाचे होते. तू भाजी वाढून विचारत असस, बरी झालीय का? मी म्हणत असे, चालेल. नवे लुगडे नेसून विचारत असस. चालेल. मुलाच्या लग्नात तू एकटीने सारे घर सांभाळलेस आणि पाहुणे गेल्यावर विचारलेस. तेव्हाही मी तेच म्हणालो. "चालेल म्हंजी काय वो? पास का नापास?" असे तू विचारत असस. मी सांगत असे, माणसांना शिक्का मारत नाहीत. माझे हे मत अजूनही तेच आहे. तुझे काय होते ते मला परवापर्यंत माहीत नव्हते.

शकूने सांगितल्यापासून मी मागचे सगळे पुन्हा तपासू लागलो. खुणा होत्या. मी त्या त्या वेळी पाहिल्याही होत्या आणि प्रत्येकीला चुकीचे कारण जोडून पुढे गेलो होतो.

पहिली खूण बाह्यांची. ऐन उन्हाळ्यात तू कॉलनीतल्या शिंपिणीकडून पूर्ण बाह्यांची पोलकी शिवून आणलीस. मी विचारले, तर म्हणालीस, थंडी वाजती. बाहेर डांबर पाघळत होते. मला वाटले, तुला आतून ताप असावा आणि तू तो लपवत असावीस. दोन दिवस मी तुझ्या नकळत थर्मामीटर शोधत होतो.

दुसरी खूण चालण्याची. जन्मभर तू माझ्यामागून चार पावलांवर चाललीस. मी सांगूनही शेजारी आली नाहीस. आणि त्याच उन्हाळ्यात एकाएकी शेजारी आलीस आणि माझ्या कोपरात कोपर अडकवून चालू लागलीस. बाजारात, दवाखान्यात, देवळाच्या पायऱ्यांवर. तेही माझ्या उजव्या बाजूनेच. त्या बाजूने गाड्या येतात. मी तुला ओढून आतल्या बाजूला घेत असे आणि तू वळसा घालून पुन्हा उजवीकडे येत असस. "आवो, हितंच बरं वाटतंय." मला वाटले, तुझे गुडघे गेले आणि तू सांगत नाहीस. डॉक्टरांना मी तुझ्यामागे विचारलेही. ते म्हणाले, गुडघे उत्तम आहेत. पुढे हृदयाचे निघाले, तेव्हाही ते म्हणाले की गुडघ्यांना काही झालेले नाही. मला ते पटले नव्हते. गुडघे उत्तम असलेली बाई नवऱ्याचा हात कशाला धरील?

आता या दोन खुणांच्या मागे तिसरी गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे आकुर्डीचा तो टॅटूंचा उत्सव.

गेल्या खेपेला त्याचा फलक रस्त्याच्या दुभाजकावर लागला, तेव्हा आपण रिक्षातून जात होतो. मी म्हणालो, अंगावर चित्रे काढून घ्यायला उत्सव कशाला हवा? उद्या दाढा काढायचा भरवतील. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आमच्या जत्रंत गोंदणारीण झाडाखाली बसायची. तवा कोनी त्याला उत्सव म्हनलं न्हाई. आता मांडव टाकला की झाला उत्सव." मला वाटले, आपले एकमत झाले. मग तू पुढे म्हणालीस, "पर बगाय पायजे येकदा."

त्या रात्री जेवताना वाद झाला. मी म्हणालो, ही सगळी पैसे काढण्याची सोंगे आहेत. तू मनगटावरची तुळस माझ्यापुढे धरलीस. "सोनं तुमी काढून घ्याल. लुगडी शकू नेईल. ह्ये कोन काढतंय? ह्ये संगं येतं." मी म्हणालो, तेही जळते. तू म्हणालीस, "जळू दे की. माझ्यासंगं जळंल." मी ताटावरून उठलो. तो वाद तिथेच राहिला. परवा शकूने तुझ्या पाटल्या एका रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या, तेव्हा मला तो आठवला.

दोन दिवसांनी तू बचत गटाच्या प्रदर्शनाला जाते म्हणून गेलीस आणि पापड घेऊन आलीस. प्रदर्शन खरोखर होते. पापडही खरे होते. प्रदर्शन आणि उत्सव एकाच मैदानावर होते, हे मात्र मी विचारले नाही आणि तू सांगितले नाहीस. पूर्ण बाह्या त्यानंतरच्या.

मग माझ्या मनात काय काय आले? तुला भुलवले असेल. आपल्या या पट्ट्यात बाबा आणि मांत्रिक कमी नाहीत. एखाद्याने रोग हटवायचे यंत्र म्हणून वर्तुळात वेडीवाकडी अक्षरे काढून दिली असतील. त्या सुईतून काही रक्तात गेले असेल आणि तुझे हृदय त्यानेच बिघडले असेल. डॉक्टरांनी याला स्पष्ट नकार दिला. मी पुन्हा विचारले, तर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा नकार दिला. किंवा ते एखादे नाव असेल. कोणाचे, हा विचार मी एका दुपारी केला. तो चांगला विचार नव्हता, पण आला. जी बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, ती न वाचता येणाऱ्या अक्षरांत कोणाचे नाव अंगावर घालून जाते?

तुझे पहिले मासिक श्राद्ध झाले आणि त्याच आठवड्यात रस्त्यावर पुन्हा तो फलक लागला. यंदाही तेच मैदान. मी गेलो. तुला फसवणारा माणूस शोधायला गेलो होतो, हे स्पष्ट लिहितो.

आत शिरताच जनरेटरचा आवाज आणि त्यावर माश्या घोंगावल्यासारखा सुयांच्या यंत्रांचा आवाज. एक माणूस पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर वाघाचे चित्र भरत होते. शेजारी त्याची बायको भेळ खात बसली होती. एक तरुण आपल्या दंडावर आईचा चेहरा काढून घेत होता. चेहरा आईसारखा येतो आहे की नाही हे आईच शेजारी उभी राहून सांगत होती आणि तिला काही केल्या नाक पसंत पडत नव्हते. मी प्रत्येक गाळ्यावर थांबून एकच प्रश्न विचारला. गेल्या खेपेला एका वयस्कर बाईच्या कोपराच्या आत वर्तुळ काढून दिले ते कोणी?

एका दाढीवाल्याने विचारले, "काका, तुम्ही पोलिसात आहात का?"

"नाही. इन्स्पेक्शनला होतो."

"म्हणजे तेच की, राव," तो शेजारच्याला म्हणाला, आणि हातातली सिगारेट विझवली. मी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. त्यानंतर उत्तरे लवकर मिळू लागली. त्यानेच मला शेवटच्या ओळीतल्या एका मुलीकडे पाठवले.

तिचे नाव अस्मिता. कासारवाडीला राहते. केस मागे घट्ट बांधलेले, हातांत काळे मोजे. मी प्रथम सुया पाहायला मागितल्या. तिने न बोलता सीलबंद पाकिटे पुढे ठेवली. मी एकेक उलटून पाहिले. सील शाबूत होती. वापरलेल्या सुया टाकायचा डबा वेगळा होता. तोही पाहिला. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्या आजींचे मालक ना?"

मी विचारले, कशावरून?

"त्या म्हणाल्या होत्या, कधी आले तर आधी सुया बघतील." ती हसली. "आजी कशा आहेत?"

"गेल्या."

तिने यंत्र बंद केले. हातांतले मोजे काढले. मग मला खुर्ची दिली, आणि स्वतः उभी राहून मोबाइलमध्ये बराच वेळ काही शोधत राहिली. आपण केलेल्या प्रत्येक कामाचा ती फोटो ठेवते. तुझा हात तिने माझ्यासमोर धरला.

हात तुझाच होता. मनगटावर जुनी, हिरवट पडलेली तुळस होती. वर, कोपराच्या घडीपाशी, काळे नवे वर्तुळ होते. आत दोन खुणा होत्या, त्या कोणत्याही लिपीतल्या दिसत नव्हत्या. मी खिशातले भिंग काढले. वर्तुळ खालच्या बाजूला एका जागी तुटलेले होते, तांदळाच्या कणीएवढे. ती तूट पाहिली आणि मला पुढचे काही पाहण्याची गरज उरली नाही. तो माझा शिक्का होता. पहिला, जो वापरून वापरून तिथेच झिजला होता. कंपनीने तो बदलून दुसरा दिला, तेव्हा जुना मी रीतसर परवानगी घेऊन घरी आणला. तुझ्या शिवणयंत्राच्या खणात तो दोऱ्यांच्या रिळांबरोबर पडून असे. आतल्या दोन खुणा म्हणजे चार आणि सात. पण उलटे. आरशात दिसावेत तसे.

"हे उलटे आहे," मी म्हणालो.

"माहितेय काका. चूक माझीच." ती समोरच्या स्टुलावर बसली. "आजींनी पदराच्या गाठीतून ती कांडी काढली आणि म्हणाल्या, ह्यो नंबर पायजे. मी कांडीच्या तोंडाचा फोटो काढला, त्यावरून छाप तयार केला आणि हातावर उमटवला. आजींनी बघितलं आणि हसायलाच लागल्या. मला कळेना काय झालं. म्हणाल्या, 'पोरी, आमच्या मालकांनी तुला रिजेक्ट केलं असतं. शिक्क्याचं तोंड उलटंच असतंय. ठोकल्यावर सुलटं व्हतं.'"

"मग पुसले का नाहीस? सुई लागली नव्हती ना अजून?"

"नव्हती लागली. मी पुसायला कापूसही घेतला. त्यांनी हात मागे घेतला. थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे आसंच. सुलटा काढलास तर मी माल झाले. उलटा हाय म्हंजी शिक्का माझ्याकडं.'"

यंत्रांचा आवाज चालूच होता. मी भिंग पुसले.

"मी विचारलं त्यांना," ती म्हणाली. "आजी, शिक्का तुमच्याकडे, मग मारणार कुणावर? तर म्हणाल्या, 'येकच नग हाय. लई वर्सं तपासायचा ऱ्हायलाय.' म्हटलं, हातोडी कुठून आणणार? म्हणाल्या, 'हातोडी कशाला? हात धरला की बसंल.'"

"आणखी काय म्हणाली?"

ती जरा घुटमळली. "म्हणाल्या, 'रोज मारायला लागंल. त्यो काय येकदा पास करून सोडायसारखा नग न्हाई.'"

हे तूच बोललीस यात मला शंका नाही. दुसऱ्या कोणाला ते सुचले नसते.

मी उठलो. तिने विचारले, फोटो पाठवू का? मी नंबर दिला. मग ती म्हणाली, "काका, काम कसं झालंय ते सांगा ना. आजी म्हणाल्या होत्या, मालक नक्की खोट काढतील." मी फोटो पुन्हा पाहिला. रेषेची जाडी सगळीकडे सारखी होती. झिजलेली जागा तिने स्वतःच्या मनाने जोडून टाकली नव्हती, होती तशी सोडली होती. नेहमीचा शब्द माझ्या तोंडाशी आला. तो मी वापरला नाही. म्हणालो, "बरोबर आहे." तिला त्यात विशेष काही वाटले नसेल. तुला वाटले असते.

घरी येऊन शिवणयंत्राचा खण उघडला. शिक्का जागेवर होता. तू तो परत ठेवताना पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला होतास. तेल अजून होते.

काही गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत. त्या दिवशी मैदानावर गेलीस तेव्हा तुझ्या छातीत दुखू लागले होते का? आपल्याजवळ वेळ थोडा आहे हे तुला माझ्याआधी कळले होते का? की नुसती माझी जिरवायची म्हणून तू हे केलेस? शकूला विचारण्यात अर्थ नाही. अस्मितानेही जे सांगितले त्यापलीकडे तिला माहीत नाही. आणि ज्याच्यावर शिक्का मारायचा, त्यालाच तू ते सांगितले नाहीस. यात चूक काढता येत नाही. आम्हीही नगाला कधी सांगत नव्हतो.

मी मात्र रोज सापडत होतो. बाजारात जाताना, दवाखान्याच्या उतारावर, औषधाच्या दुकानासमोर रांगेत. तू उजवीकडून येत होतीस, कोपरात कोपर अडकवत होतीस आणि डावा हात माझ्या दंडाशी दाबून धरत होतीस. तुझ्या पोलक्याची बाही आणि माझ्या शर्टाची बाही मध्ये असत. मी दर खेपेला म्हणत होतो, पडशील, आतल्या बाजूने चाल. आणि तू दर खेपेला म्हणत होतीस, "हितंच बरं वाटतंय." शेवटच्या वेळी दवाखान्यात दाखल करायला नेले, तेव्हा त्यांनी चाकांची खुर्ची आणली. तू बसायला तयार नव्हतीस. मला वाटले, हा हट्ट आहे. फाटकापासून लिफ्टपर्यंत तू माझा हात धरून चालत गेलीस आणि लिफ्टपाशी पोहोचल्यावर निमूट खुर्चीत बसलीस.

तू मला रोज पास करत होतीस, की रोज नापास करून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला घेत होतीस, हे ठरवायला माझ्याजवळ कोणतेही माप नाही. हा संशय आता माझ्याबरोबरच राहील. तू तो मुद्दामच ठेवून गेलीस, असाही मला संशय आहे.

त्या दिवशी आकुर्डीहून परत येताना रिक्षा मिळाली नाही. मी रस्त्याच्या कडेने चालत आलो. बरेच अंतर आल्यावर लक्षात आले की माझा उजवा हात कोपरात वाकलेला आहे, कोणीतरी येऊन त्यात कोपर अडकवावे असा. समोरून येणारी माणसे पाहत होती. मी तो सरळ केला नाही.